सहानंतरच्या खुर्चीवरचा स्वेटर

मी खुर्चीच्या पाठीवर टांगलेला स्वेटर बोलतोय. जरा हळूच बोलतोय, रागावू नका. या ऑफिसात मोठ्यानं बोललेलं कोणाला ऐकू जातं आणि कुजबुजलेलं कोणाला, याचा मला अजून नीट अंदाज आलेला नाही. म्हणून सवयच लागली आहे.

माझा रंग शेवाळी. पुढे सहा बटणं, त्यांतलं एक वेगळ्या जातीचं. खिसे दोन. एकात वापरलेला पण 'अजून चालेल' अशा बेताचा कागदी रुमाल, दुसऱ्यात बिस्किटाचा चुरा आणि बाळाचा एक मोजा. जोडीतला हा मोजा शोधण्यात माझ्या मालकिणीनं एक अख्खा रविवार घालवला. पलंग सरकवला, नवऱ्याशी भांडली, शेवटी 'आई म्हणून आपण नापासच आहोत' असं ठरवून गप्प बसली. मोजा माझ्याकडे होता आणि मला ते सांगता आलं नाही. मला पुष्कळ गोष्टी माहीत असतात आणि एकही सांगता येत नाही. संशयी स्वभावाच्या जिवाची याहून मोठी पंचाईत नाही.

संशयी मी जन्मापासूनच आहे, कारण मी मुळात मी नव्हतोच. आधी मी मालकिणीच्या सासऱ्यांचा पुलोव्हर होतो. ते गेल्यावर सासूबाईंनी एका दुपारी मला मांडीवर घेतलं, गळ्याशी कात्री लावली आणि टोक धरून ओढायला सुरुवात केली. चांगलं घट्ट विणलेलं आयुष्य कोणी एका टोकाला धरून ओढू लागलं की कसं भरभर सुटत जातं, हे ज्यानं अनुभवलंय, तो पुन्हा कोणाच्या हाताकडे निर्धास्तपणे बघत नाही. मी संध्याकाळपर्यंत लोकरीचे चार गुंडे होऊन परातीत पडलो होतो.

मग त्याच गुंड्यांमधून सुनेसाठी स्वेटर विणला जाऊ लागला. सून तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर, मांडीवर बाळ, डोळ्यांखाली काळं. सासूबाई सुया चालवत आणि बोलत. त्या तरुणपणी होजिअरीच्या कारखान्यात होत्या, मोज्यांची टोकं शिवायच्या खात्यात. त्या खात्यात सगळ्या बायकाच.

"माल उठेनासा झाला ना, तशी पहिल्यांदा आमची पाळी बंद केली," त्या म्हणाल्या. "म्हणाले, उठाव आला की बोलावू. पुरुषांच्या खात्यात कोणाला बोट नाही लावलं. त्यांची घरं होती म्हणे चालवायला. आमची काय, झाडावर घरटी होती?"

"मग बोलावलं का परत?" सुनेनं विचारलं.

"बोलावलं की. नवी मशीनं आणल्यावर. मशीनं पुसायला."

सून हसली, आणि हसताहसता थांबली. हे सगळं ऐकतच माझी पाठ विणली गेली. तुम्हीच सांगा, अशा गोष्टी कानावर घेत विणलेला स्वेटर भोळा कसा निघेल?

रजा संपायच्या आदल्या दिवशी माझं शेवटचं बटण लागलं. घरातली बटणं पाच भरली म्हणून सहावं उशीच्या अभ्र्याचं काढून लावलं. सासूबाई मोठ्या मुलाकडे निघाल्या, कारण मोठ्या सुनेलाही दिवस गेले होते आणि सासूबाई एकच होत्या. माझी मालकीण मला घालून आरशापुढे उभी राहिली.

"ऑफिसची बिलं कशी करायची तेच विसरले असेन का रे मी?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"सहा महिन्यांत?"

"परवा मी बाळाच्या दुधाच्या पावडरीऐवजी पाण्यात पीठ कालवलं."

"मग बिलं पिठात कालवू नकोस म्हणजे झालं."

असा आमचा पहिला दिवस.

ऑफिस मालवाहतूक कंपनीचं. खिडकीतून खाली यार्ड दिसतं आणि यार्डात ट्रक. माझी मालकीण बिलं करते. शेजारच्या टेबलावरच्या ताई पोचपावत्या बघतात. म्हणजे माल ज्याचा त्याला मिळाला का, त्याची सही आहे का, शिक्का आहे का. ताईंनी पोचपावती पास केल्याशिवाय बिल बाहेर पडत नाही. आमच्या खात्यातली टेबलं सगळी खिडकीकडे तोंड करून मांडलेली आहेत. त्यामुळे दारातून येणाऱ्याला माणसांच्या फक्त पाठी दिसतात, आणि पाठीवर मी.

पलीकडच्या टेबलावर एक गृहस्थ होते, त्यांना सगळे कोटवाले म्हणत. सकाळी आले की कोट काढून खुर्चीला चढवायचे आणि अंतर्धान पावायचे. खाली चहा, मग ड्रायव्हर लोकांशी गप्पा, मग आणखी चहा. कोणी विचारलं तर बाकीचे खुर्चीकडे बघून सांगायचे, "आहेत की, कोट आहे." साहेबही कोट बघून मान डोलवायचे. कोट इतका कामाचा माणूस झाला होता की त्याला बढती मिळाली असती तरी मला नवल वाटलं नसतं. माझी मालकीण मात्र पाणी प्यायला उठून परत आली, की मागून कोणीतरी म्हणायचंच, "अरे, आहात होय? मला वाटलं बाळाकडे गेलात."

मग मंदी आली.

मंदी आल्याचं कोणी जाहीर करत नाही. ती चिन्हांवरून ओळखावी लागते, आणि चिन्हं ओळखण्यात माझी मालकीण एकदम तरबेज. आधी यार्डातले ट्रक संध्याकाळी भरून निघून जायचे, ते सकाळीही तिथेच दिसू लागले. एका ट्रकच्या बॉनेटवर मांजरीनं पिल्लं घातली आणि ती मोठी झाली तरी ट्रक हलला नाही. चहाबरोबरची बिस्किटं बंद झाली. एकाआड एक ट्यूब काढून नेली, आणि आमची टेबलं नेमकी काढलेल्या ट्यूबखाली आली. साहेब जाता-येता हसू लागले. पूर्वी ते कधी हसत नसत. आणि ताईंनी केस काळे केले.

"त्यांनी केस काळे का केले असतील?" मालकिणीनं घरी विचारलं.

"पांढरे झाले होते म्हणून," नवरा म्हणाला.

"गेली दहा वर्षं पांढरेच आहेत. आत्ताच का? त्यांना काहीतरी कळलंय."

नवऱ्याच्या कारखान्यातही जास्तीचं काम थांबलं होतं, पण पाळी आठलाच सुटायची. त्यात पाळणाघरवाल्या काकूंनी निरोप दिला. बऱ्याच आयांच्या नोकऱ्या गेल्या, त्यामुळे मुलं कमी झाली. मुलं कमी झाली म्हणून काकूंनी मदतनीस बाईला घरी बसवलं. आणि एकट्या काकूंना सहानंतर जमणार नव्हतं. मदतनीस बाईला स्वतःचीही एक मुलगी होती. ती आता कोणाकडे सांभाळायला होती, कोणाला माहीत.

"तू लवकर निघून आणू शकशील का बाळाला?" मालकिणीनं नवऱ्याला विचारलं.

"मी लवकर निघालो तर ते म्हणतील, आता येऊच नकोस."

"आणि मला नाही का म्हणणार?"

"तसं नाही गं. पण तुला निदान..." तो थांबला.

"निदान काय?"

"काही नाही. जेवायला वाढू?"

ते 'निदान' त्या रात्री जेवणात मिठासारखं सगळीकडे होतं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचच्या सुमारास मालकिणीनं कोटवाल्यांच्या कोटाकडे बराच वेळ पाहिलं. मग मला अंगातून काढलं, खुर्चीच्या पाठीला चढवलं, बाह्या जरा पुढे ओढल्या. कॉम्प्युटर चालू ठेवला. चष्म्याचं घर उघडं ठेवलं, कपात थोडा चहा ठेवला. दोन पावलं मागे जाऊन बघितलं, पुन्हा येऊन माझी एक बाही टेबलावर टाकली, आणि पर्स पोटाशी धरून जिन्याकडे पळाली. राहिलेलं काम ती सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन करायची. काम एक दिवसही मागे पडलं नाही, हे मी बटणावर हात ठेवून सांगतो.

असा मी तिच्या जागी कामाला लागलो. बिनपगारी.

साहेबांनी तेव्हाच, कोण किती थांबतं ते बघायला, सहाची फेरी सुरू केली होती. आत यायचे नाहीत, दारात उभे राहायचे. काही बोलायचे नाहीत. खुर्च्यांवरून नजर फिरवायची आणि जायचं. तेवढा वेळ मी श्वास धरून असायचो. कोट मात्र आरामात असायचा.

ताईंच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. टेबलाला टेबल लागून, लपणार काय?

"अगं, रोज बरा स्वेटर विसरतेस," एका सकाळी त्या म्हणाल्या.

"लक्षातच राहत नाही हो ताई."

"चहाही विसरतेस अर्धा. आणि कॉम्प्युटर." त्यांनी पोचपावतीवर शिक्का मारला, जरा जोरातच. "तरुण वयात एवढा विसर बरा नव्हे."

मालकीण हसली, पण माझ्या आत तिची पाठ घामेजली. त्या दिवसापासून तिनं ताईंवर नजर ठेवली. ताई साहेबांकडे फाइल घेऊन गेल्या की ती घड्याळ बघायची. ताई कोणाशी बोलता बोलता गप्प झाल्या की ती बिलावरून मान वर काढायची. मीही तिच्यासारखाच, बाह्या नुसत्या टांगलेल्या, पण कान टवकारलेले.

मग एका संध्याकाळी ती गेल्यावर ताई उठल्या. इकडेतिकडे पाहिलं, मला खुर्चीवरून उचललं आणि स्वतः घातलं. कलमदानातला मालकिणीचा केसांचा चिमटा घेऊन आपल्या काळ्या केसांना लावला. आणि तिच्या खुर्चीत बसल्या! माझ्या मनात नको ते सगळं येऊन गेलं. बाई जागा घालून बघतेय, मला वाटलं, दुकानात चप्पल घालून बघावी तशी. ताई अंगानं भरलेल्या. मी शक्य तेवढा आवळून बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

"माझ्या स्वेटरला बामचा वास येतोय," मालकीण मला धुवायला घरी नेल्यावर म्हणाली. "मी बाम लावत नाही. ताई लावतात."

"स्वेटरला वास आला म्हणून नोकरी जाते का?" नवरा म्हणाला.

"तुला कळत नाहीये. त्या माझ्या टेबलावर काहीतरी करतात."

"काय करणार? तुझी बिलं खाणार?"

"माझ्या चुका शोधत असतील." तिनं मला बादलीत बुडवलं. "असतीलही रे चुका. मी नीट झोपत कुठे?"

त्याच आठवड्यात साहेबांनी खात्यात येऊन, हसत हसत, सांगितलं की कंपनी 'सुटसुटीत' होणार आहे. बिलं आणि पोचपावत्या यापुढे एकाच टेबलावर. कोणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. टेबलं दोन होती आणि दोन्हींवर बायका होत्या.

"यांच्याकडे काय असतं काम?" मालकिणीनं कोटवाल्यांच्या खुर्चीकडे डोळ्यांनी खूण करत विचारलं. ती चुकून बोलून गेली होती.

"शू," ताई म्हणाल्या. "त्यांचं घर त्यांच्यावर आहे म्हणे."

ताईंचे यजमान दोन वर्षांपासून घरी बसले होते आणि मुलगी कॉलेजात होती. त्यांचं घर कोणावर होतं, हे कोणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

आता ती संध्याकाळ. मालकीण मला टांगून गेली, पण बाळाचं तापाचं औषध टेबलाच्या खणात राहिलं म्हणून अर्ध्या जिन्यातून परत फिरली. तोवर ताई मला घालून तिच्या खुर्चीत बसल्याही होत्या. फरशी पुसायला आलेल्या मावशी शेजारी उभ्या होत्या.

"अगंबाई, ताई तुम्ही? मला वाटलं पोरगी बसलीय. हा तिचा ना स्वेटर?"

"हळू बोला मावशी. साहेबांच्या फेरीची वेळ झालीय."

"पण तुम्ही कशाला घातलात?"

"काय करू मग? ती बापडी रोज नुसता टांगून पळते. कोट नुसता टांगला तरी माणूस बसल्यासारखा दिसतो, त्याला आतून खांदे शिवलेले असतात. स्वेटर टांगला की टांगल्यासारखाच दिसतो. त्याच्या आत कोणीतरी लागतं. परवा साहेब विचारत होते, ही खरंच असते का म्हणून. बाळ लहान आहे हो तिचं."

मी सैल पडलो. लाजेनं म्हणा हवं तर. लोकरीला लाज वाटते तेव्हा ती सैल पडते.

"आणि तुमचं?" मावशींनी विचारलं.

"माझं काय होणार? मी जुनी आहे. मला कोण हात लावतंय? जा, जा, साहेब आले."

मावशी बादली घेऊन सरकल्या. साहेब दारात उभे राहिले. "अजून आहात? वा," ते आमच्या पाठीला म्हणाले. ताई बोलल्या असत्या तर आवाज ओळखला गेला असता. त्या रुमालात खोकल्या. "आणि शेजारच्या? गेल्या वाटतं?" ताईंनी हात हवेत कसातरी हलवला. साहेबांनी 'हं' केलं आणि गेले.

ताईंची स्वतःची खुर्ची शेजारीच होती. तिच्या पाठीवर काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांना तिथे काही टांगायची वेळच आली नव्हती, म्हणून आपण इथे बसलो की ती रिकामी दिसते हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

आणि माझी मालकीण साहेब यायच्या जरा आधी, व्हरांड्यातल्या दुसऱ्या दारात येऊन उभी राहिली होती. तिला ऐकू काही आलं नाही. दिसलं एवढंच, की आपल्या खुर्चीत, आपला स्वेटर घालून, आपला चिमटा लावून ताई बसल्या आहेत आणि त्यांची बोटं आपल्या कीबोर्डवर आहेत. औषध न घेताच ती निघून गेली. मला हाक मारायची होती. स्वेटरला तोंडाच्या जागी नुसता गळा असतो.

सकाळी ती आली, खुर्चीवरून उचलून मला अंगात घातलं आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेली. त्यामुळे पुढचं मी ऐकलं.

"सर, मला माझ्या टेबलाबद्दल बोलायचंय. मी नसताना..."

"बरं झालं आलात, मीच बोलावणार होतो," साहेब म्हणाले. "मी बघतो हं तुम्हाला. सहानंतरही जागेवर असता. काल खोकत होतात, तब्येत सांभाळा. नाहीतर त्या तुमच्या शेजारच्या ताई. एवढ्या जुन्या, आणि आठवडाभर बघतोय, सहाला खुर्ची रिकामी. मग ठरवणं सोपं जातं, काय?"

तिची पाठ आधी ताठ झाली, मग गार पडली. काल खोकलं कोण, हे तिला कळायला फार वेळ लागला नाही.

"काय म्हणत होतात तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही, सर."

ती जागेवर येऊन बसली. नोकरी वाचली होती. इतके दिवस जिच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ती गोष्ट हातात आली होती, आणि तिला ती नीट धरताच येईना. तिनं एका बिलावर दोनदा तीच रक्कम टाकली, खोडली, परत टाकली.

"काल दारातूनच परत गेलीस," ताई शिक्क्याच्या गादीवर शाई घालत म्हणाल्या. "काचेत दिसलीस मला."

"मग हाक का नाही मारलीत?"

"कशी मारू? साहेब कधी येतील याचा नेम नव्हता. मी तू होते ना." त्या हसल्या. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबल्या. "का गं? साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले..." मालकिणीनं माझी बाही मुठीत घट्ट धरली. "म्हणाले, तुम्ही सहाच्या आधी जाता. तुमची खुर्ची रिकामी असते."

ताईंनी आपल्या खुर्चीकडे पाहिलं. कोणी पहिल्यांदाच दाखवल्यासारखं, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"इश्श," एवढंच त्या म्हणाल्या. शाईची बाटली खाली ठेवून पुन्हा, "अगदीच कशी गं मी." मग गादीचं झाकण लावलं. "जाऊ दे. तू नको बोलूस काही. दोघी जाण्यापेक्षा एक गेलेली बरी. माझी मुलगी मोठी आहे."

"कॉलेजची फी मोठी नाहीये का?"

"तू तुझी बिलं कर."

मालकिणीनं एक बिल केलं. दुसरं घेतलं. मग उठली, माझी सहाच्या सहा बटणं लावली, उशीचंसुद्धा, आणि केबिनकडे निघाली. 

"सर, सहानंतर त्या खुर्चीत मी नसते. ताई असतात. मी बाळाला आणायला जाते."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही मला रोज फसवत होतात?"

"मी स्वेटर ठेवत होते, सर. पलीकडच्या टेबलावर कोट असतो तसा."

"त्यांचं वेगळं आहे. ते बाहेरची कामं बघतात."

"मीही बाहेरचंच काम बघायला जाते. ते काम रडतं, एवढाच फरक."

हे आपण बोललो यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसला नसावा, कारण लगेच ती "सॉरी, सर" म्हणाली. पण माघारी फिरली नाही. "काम माझंही पूर्ण आहे आणि ताईंचंही. तपासून बघा. एकीला काढायचं असेल तर खुर्ची बघून नका काढू."

साहेबांनी पेन पुन्हा उचललं आणि टोपण लावलं. मला वाटलं, गेलो. एका जन्मात दुसऱ्यांदा उसवलो. पण साहेब हिशेबी. त्यांना टेबल एक करायचं होतं आणि पगार एक वाचवायचा होता. तो कसा वाचतो याच्याशी त्यांचं भांडण नव्हतं. दोन दिवसांनी निर्णय आला. दोघी राहतील, अर्ध्या दिवसाच्या, अर्ध्या पगाराच्या. सकाळी एक, दुपारी एक. टेबल एक, खुर्ची एक. "तुम्हालाच सोयीचं," साहेब हसून म्हणाले, "घराकडे लक्ष देता येईल." कोटवाल्यांना या सुटसुटीतपणाचा काही त्रास झाला नाही. ताईंचं टेबल उचललं आणि तिथे त्यांच्या पाहुण्यांसाठी सोफा आला.

तेव्हापासून मी दोघींचा आहे. सकाळी मालकीण घालते, दुपारी ती उठली की ताई घालतात. एकीची ऊब जायच्या आत दुसरी आत शिरते. माझा आकार आता दोघींपैकी कोणाचाच राहिलेला नाही; कोपर मालकिणीचे, पोट ताईंचं. माझ्या खिशात बामची डबी आणि बाळाचा मोजा शेजारी शेजारी असतात. अर्ध्या दिवसात दोघी पूर्ण दिवसाचं काम करतात, हे माझ्या लक्षात आलं तसं साहेबांच्याही आलं असणार. मला तर संशय आहे की ते त्यांच्या आधीपासून लक्षात होतं.

अदलाबदलीच्या त्या थोड्या वेळात दोघी बोलतात. पूर्वी एकमेकींकडे चोरून बघायच्या, आता दोघी मिळून खिडकीबाहेर बघतात. "आज खाली तीनच उभे आहेत," मालकीण सांगते. "काल मी निघता निघता आणखी दोन भरून गेले," ताई सांगतात. गेले काही आठवडे यार्डात सकाळी एकही ट्रक नसतो. बिलांचा ढीग वाढलाय. चहाबरोबर बिस्किटंही परत आली आहेत. काढलेली ट्यूबसुद्धा लागली. दोघींच्या पूर्ण पगाराचा विषय मात्र कोणी काढत नाही.

आज सकाळी मालकीण आली तेव्हा ताई आधीच आलेल्या होत्या.

"ताई, तुमची वेळ दुपारची ना?"

"पूर्ण पगाराचं बोलायचं ठरलंय ना आज? आधीच आले. बाळाचं काय केलंस?"

"सासूबाई आल्यात दोन दिवसांसाठी. ताई, मला जमेल ना बोलायला? मी मध्येच सॉरी म्हणते."

"म्हण की. सॉरी म्हण आणि बसून राहा."

मला घालायला मालकिणीनं हात पुढे केला, ताईंनीही केला. मग दोघींनी मला तसाच राहू दिला आणि बिनस्वेटरच्याच केबिनकडे गेल्या. एसी चांगलाच गार होता. दार लागायच्या आधी साहेबांचा आवाज आला, "दोघी एकदम? आज अर्धा दिवस कोणाचा आहे?" आणि ताईंचा, "दोघींचाही पूर्ण आहे, सर. तेच सांगायला आलोय."

दार लागलं. पुढचं मला ऐकू आलेलं नाही. माझा स्वभाव तुम्हाला माहीत झालाय, त्यामुळे मला काय वाटतंय ते सांगत बसत नाही; फक्त एवढंच, की आयुष्यात पहिल्यांदाच मला माझा संशय खोटा ठरायला हवा आहे. तुम्ही कुठल्या केबिनमध्ये बसून माणसं ठेवायची-काढायची ठरवत असाल तर तुमच्याकडेही मागणं आहे. पाठी बघून ठरवू नका. एकदा समोर येऊन बघा.

खूप वेळ झाला, अजून दार उघडलं नाही. मी इथेच आहे, खुर्चीवर. खुर्ची एकच आहे. दुसरी कुठून आणायची, ते साहेबांनी बघावं.